विंडोज सोडून लोक लिनक्सवर नक्की का जातात? जावं का न जावं?

कोपरगावकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जुनाच आहे पण माझ्यासाठी आत्ता तातडीचा झालाय म्हणून विचारतो. घरी एक असेंबल्ड डेस्कटॉप आहे, सहाव्या पिढीचा आय ५, ८ जीबी रॅम, मध्यंतरी एसएसडी टाकून घेतली तेव्हापासून मस्त पळतोय. त्यावर विंडोज १०. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि ११ साठी हे मशीन बसत नाही, इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर तरी पाहिजे म्हणतात. दुकानवाल्याला विचारलं तर म्हणे बोर्ड बदला, प्रोसेसर बदला, रॅमही बदलावी लागेल. म्हणजे कॅबिनेट तेवढं ठेवा, बाकी सगळं नवीन घ्या. चालतं मशीन भंगारात घालायचं अगदी जिवावर येतंय.

ऑफिसातला एक पोरगा म्हणतो काका लिनक्स टाका (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम), फ्री आहे, फास्ट आहे, सिक्युअर आहे. आता हे तर जाहिरातीतलं वाक्य झालं. मला जे खरंच गेलेत त्यांच्याकडून ऐकायचंय की नेमकं काय झालं म्हणून गेलात. आणि जाऊन परत आलेल्यांनी तर जरूर लिहा.

घरातला वापर सांगतो. मी: ब्राउझर, बँक, एक्सेल. वडील: कोर्टात टंकलेखक होते, आता निवृत्त, रोज मराठीत काहीतरी टाइप करत असतात. बायको: दोन-तीन दुकानांचे हिशोब टॅलीत बघते. शिवाय एक जुना लेझर प्रिंटर आहे, तो सगळ्यांचा लाडका.

टर्मिनल_तात्या

कोपरगावकर, पोरगा खोटं बोलत नाहीये हो, पण त्या कारणांनी आपल्याकडे कोणी जागचं हलत नाही. फ्री म्हणाल तर आपल्याकडे विंडोज तरी कोणी विकत घेतलं? असेंबल्ड पीसी घेतला की दुकानवाला "टाकून देतो" म्हणायचा आणि आपण त्याला फुकट समजायचो. युरोपातला माणूस लायसनचे पैसे मोजून वैतागतो, आपण वैतागतो ते त्या टाकून दिलेल्या विंडोजमध्ये ॲक्टिव्हेटरबरोबर जी घाण येते तिच्यामुळे. आणि लॅपटॉप घेतलेला असेल तर लायसन किमतीतच आलेलं असतं, ते पैसे गेले ते गेले, लिनक्स टाकून परत मिळत नाहीत.

मी वीसेक वर्षं सर्व्हर सांभाळतोय त्यामुळे माझं कारण वेगळं, दिवसभर लिनक्सवर काम आणि घरी विंडोज हे डोक्याला जड व्हायला लागलं होतं. ते सोडून द्या, तुमच्या कामाचं नाही. पण ओळखीतल्या, सोसायटीतल्या, नात्यातल्या ज्या ज्या लोकांना लिनक्स टाकून दिलं त्यांच्यात मुख्य कारण एकच, तुमचंच. मशीन धडधाकट आहे आणि वरून हुकूम आला की चालणार नाही. हे पहिल्यांदा होत नाहीये. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपी बंद झालं, १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७, दोन्ही वेळेला लोक आले होते. पण तेव्हा जुन्या मशीनवर पुढचं विंडोज निदान रखडत का होईना चालायचं. यावेळी प्रोसेसरची यादी आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपची अट घालून दारच लावलंय, त्यामुळे यावेळची गर्दी जास्त आहे.

दुसरं कारण पेनड्राइव्ह. हसू नका. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिलेला पेनड्राइव्ह परत आला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले, खरी फाइल लपलेली, हा प्रकार ज्याने भोगलाय त्याला लिनक्स पहिल्या दिवशी आवडतं, कारण तो शॉर्टकट आणि त्याच्या मागची विंडोजची स्क्रिप्ट इथे नुसती पडून राहते, काही करू शकत नाही. लिनक्सला व्हायरस लागतच नाही असं नाही हं, असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. पण या पेनड्राइव्हवाल्या जमातीपासून सुटका होते ती खरी.

आता तुमच्याबद्दल. घाई करू नका. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, सिक्युरिटी अपडेट थांबतात. आणि घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने जादा अपडेटची सोय ठेवलीये १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तुमचं विंडोज १० शेवटच्या २२एच२ आवृत्तीवर पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट पाहिजे, मग सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर त्यांच्या रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. म्हणजे विचार करायला वेळ आहे. फक्त विंडोज ओरिजिनल पाहिजे, तेवढं बघा (असेंबल्ड म्हणालात म्हणून बोललो, राग मानू नका).

झेंडे_नाना

टीपीएम आधी बायोसमध्ये बघा, बऱ्याच बोर्डात असतो पण बंद ठेवलेला असतो. चालू केला की विंडोज ११ बसतं.

टर्मिनल_तात्या

नाना, ते आठव्या पिढीच्या पुढे. यांचा सहावा आहे, टीपीएम चालू केला तरी प्रोसेसर यादीत नाही. रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवून तपासणी टाळता येते आणि सहाव्या पिढीवर ११ चालतंही, पण ते मायक्रोसॉफ्टच्या लेखी असमर्थित मशीन, पुढचं अपडेट मिळेलच याची हमी ते देत नाहीत. ११ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा फार जुने प्रोसेसर, ज्यात पॉपकाउंट नावाची सूचना नव्हती, ते बूट व्हायचेच बंद झाले. सहाव्या पिढीला तो धोका नव्हता, पण पुढच्या वेळी कुठली अट येईल कोणी सांगावं.

पत्रिकावाली_लातूर

मी उलट बाजूने लिहिते, कारण इथे सगळे कॉम्प्युटरवालेच लिहितात. माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, फ्लेक्स, निवडणूक आली की रात्रंदिवस. कोरल, पेजमेकर आणि श्री-लिपी (मराठी फॉण्टचं सॉफ्टवेअर) यावर सगळं चालतं. भाच्याने हौसेने एका मशीनवर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं, दिसायला छान, पण माझ्या जुन्या फाइल उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा. कारण त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीतच. जुन्या फॉण्टमध्ये "क" ची जागा म्हणजे खरं तर कुठल्यातरी इंग्रजी अक्षराची जागा असते, फॉण्ट नसला की पितळ उघडं. फॉण्टची फाइल लिनक्समध्ये टाकली तर जुनं वाचता येतं, पण टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं मागच्या वर्षीचीच पत्रिका आहे, फक्त नावं बदला. त्याला मी काय सांगू, कोरलऐवजी इंकस्केप शिकतेय थांबा?

तेव्हा ज्यांचा धंदा एका सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी लिनक्सच्या नादी लागू नये. टॅलीवाल्या वहिनींनी तर मुळीच नाही.

नेरळ_लोकल

ताई बरोबर आहे तुमचं, पण तुमचं दुकान वेगळं आणि घरचा पीसी वेगळा ना. मी इंजिनिअरिंगला आहे, आमच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल उबंटूवरच असतात त्यामुळे घरीपण तेच टाकलं, सी आणि पायथनला काही वेगळं इन्स्टॉल करायची कटकट नाही, एका कमांडमध्ये काम. ते एक कारण. दुसरं कारण कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, गेम्स!! हो हो गेम्स. पूर्वी लोक गेमसाठी विंडोजवर थांबायचे, आता स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वने २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं आणि २०२२ मध्ये त्यांचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक आला, जो मुळात लिनक्सवरच चालतो, तेव्हापासून स्टीमवरचे ढीगभर विंडोज गेम लिनक्सवर सरळ इन्स्टॉल करून चालतात. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या सर्व्हेत लिनक्सवाले पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले. ३ टक्के म्हणजे काय मोठं असं म्हणाल, पण आधी एकच्या आसपास रखडायचे.

पण व्हॅलोरंट खेळत असाल तर विसरा. त्याचं अँटीचीट (गेममधली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या पार पोटात शिरून बसतं, लिनक्सवर ते चालतच नाही. फोर्टनाइट पण नाही. माझा रूममेट व्हॅलोरंटसाठीच विंडोजवर अडकलाय, बाकी त्याला विंडोजशी काही देणंघेणं नाही.

आणि ते रिकॉल!! विंडोज आता दर थोड्या सेकंदाला तुमच्या स्क्रीनचा फोटो काढतं, हे पण लोक पळायचं कारण आहे.

टर्मिनल_तात्या

नेरळ, रिकॉलचं अर्धंच सांगितलंस. मे २०२४ मध्ये जाहीर झालं, बोंबाबोंब झाली, मागे घेऊन पुन्हा सुधारून आणलं, आणि ते फक्त कोपायलट प्लस म्हणून विकतात त्या नव्या मशीनवर, तेही आपण चालू केलं तर. कोपरगावकरांच्या सहाव्या पिढीवर ते कधी येणारच नव्हतं. तरी लोक त्याने बिचकले हे खरंय, मी स्वतः पाहिलंय, कारण त्याआधीच होम एडिशन सेटअप करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय पुढे जाऊ देत नाही, स्टार्ट मेनूत शिफारशी येतात, वनड्राइव्ह विचारत राहतं, एज ब्राउझर परत परत पुढे येतो. एकेक गोष्ट बारीक आहे. पण माणसाला वाटायला लागतं की पैसे मी दिले, टेबल माझं, वीजबिल माझं, आणि मशीन कोणाचं? सोडून जाणाऱ्यांच्या बोलण्यात हा राग फार असतो. कधीकधी मुद्द्यापेक्षा जास्त असतो.

परत_फिरलेला

जाऊन परत आलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून. मी मिंट (हाही लिनक्सचाच एक प्रकार) वापरत होतो, एकदम आवडलं होतं, अजूनही वाईट बोलणार नाही. परत आलो ते दोन गोष्टींमुळे. एक, आमच्या ऑफिसच्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो (बटण दाबलं की आपोआप काम करणाऱ्या सूचना) भरलेत, लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडते, आकडे दिसतात, बटण दाबलं की काही होत नाही किंवा अर्धवट होतं. ब्राउझरमधलं एक्सेल पण मॅक्रो चालवत नाही. दुसरं, डिजिटल सिग्नेचरचा डोंगल. एका सरकारी पोर्टलवर टेंडर भरायचं असतं, डोंगल लिनक्सला दिसतो, ड्रायव्हरही मिळाला, पण पोर्टलला जे छोटं सॉफ्टवेअर लागतं ते विंडोजचंच. शेवटच्या तारखेच्या रात्री कोण प्रयोग करत बसणार. मित्राच्या विंडोज लॅपटॉपवरून भरलं आणि दुसऱ्या दिवशी विंडोज टाकलं.

तात्या चिडतील पण लिनक्सवाले लोक एक गोष्ट करतात ती मला पटत नाही, काही चाललं नाही की म्हणतात ते सॉफ्टवेअरच वाईट आहे, ते वापरू नका. अरे बाबा मला टेंडर भरायचंय.

टर्मिनल_तात्या

चिडत नाही, खरंय ते. मीही लोकांना म्हणतो, आधी घरातल्या सॉफ्टवेअरची यादी करा आणि त्यात न हलणारं कोण ते बघा. टॅली म्हणजे घरातला कर्ता पुरुष आहे, तो उठला नाही तर बाकी कोणी उठत नाही.

हॅम्बुर्गचा_सदाशिव

इकडे जर्मनीतलं थोडं सांगतो, कारण इथे सध्या हा विषय सरकारी पातळीवर चाललाय. आमच्या शेजारचं राज्य श्लेस्विग-होल्स्टाइन, त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की सरकारी ऑफिसांतले सुमारे ३०,००० कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरून लिबरऑफिसवर नेणार आणि पुढे विंडोजही काढून लिनक्स. २०२५ मध्ये त्यांनी ईमेलपण एक्स्चेंज आणि आउटलुकवरून काढून ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्डवर आणली. त्यांचं कारण तुमच्यासारखं जुन्या मशीनचं नाही. सरकारी डेटा आणि रोजचं काम एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर नको, हा त्यांचा मुद्दा. फ्रान्सची जाँदार्मरी, म्हणजे त्यांचं एक पोलीस दलच, २००८ पासून उबंटूवर जातंय.

पण म्युनिकची गोष्ट पण ऐका, नाहीतर एकतर्फी होईल. तिथल्या महापालिकेने २००३-०४ च्या सुमारास ठरवलं, लिमक्स नावाने स्वतःचं लिनक्स केलं, जवळजवळ १५,००० मशीन नेली, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजवर जायचं ठरवलं. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्य ऑफिस म्युनिक शहरात आलं होतं, त्यावरून लोक काय वाट्टेल ते बोलतात. मला त्यात पडायचं नाही. बाहेरच्या ऑफिसांशी फाइलींची देवाणघेवाण, खास खात्यांची विंडोजवालीच सॉफ्टवेअर, ही रडगाणी तिथेही होती. वर परत फिरलेल्या भाऊंनी लिहिलंय तेच, फक्त महापालिकेच्या आकाराचं.

झेंडे_नाना

जर्मनी कशाला, केरळ बघा की. सरकारी शाळांत कित्येक वर्षं लिनक्सच आहे, काइट नावाची त्यांची संस्था स्वतःचं व्हर्जन काढते, पोरं पहिल्यापासून त्यावरच शिकतात. आपल्याकडे एमएस-सीआयटी म्हणजे विंडोज आणि वर्ड हेच कॉम्प्युटर, असं डोक्यात बसलंय दोन पिढ्यांच्या.

कोपरगावकर

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पत्रिकावाली ताई, तुमचं वाचून बायको म्हणाली "बघा, मी सांगत होते". तिने तर टॅली हलवायला सरळ नकार दिलाय.

आता दोन शंका. एक म्हणजे वडिलांचं टायपिंग. ते टाइपरायटरच्या जुन्या कीबोर्डवर शिकलेत, इन्स्क्रिप्ट हा कॉम्प्युटरचा मराठी कीबोर्ड त्यांना येत नाही आणि आता शिकणार नाहीत, बोटांनाच ते पाठ आहे म्हणतात. दुसरं म्हणजे टॅली त्याच मशीनवर राहून लिनक्स ठेवता येईल का.

बोरू

वडिलांचं मी सांगतो, मीही त्याच वयाचा आणि लिनक्सवरच मराठी लिहितो. मिंट किंवा उबंटूवर आयबस (टायपिंगची भाषा-पद्धत बदलून देणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं एम१७एन नावाचं पॅकेज घ्या. त्यात मराठीच्या यादीत इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स आहेतच, शिवाय रेमिंग्टन आणि टाइपरायटर अशा पण पद्धती आहेत. आणि गंमत म्हणजे गमभन पण आहे, मराठी संकेतस्थळांवर जुनी मंडळी जी वापरायची तीच. वडिलांना स्वतः बसवून बघायला सांगा, कारण टाइपरायटरमध्येही फरक असतात, एखादं जोडाक्षर किंवा "दुसऱ्या" मधला र वेगळ्या जागी सापडतो. आठवडाभर कुरकुर करतील, मग बसतं.

गूगलसारखं इंग्रजीत लिहिलं की खाली चार पर्याय दाखवणारं काही मात्र माझ्या पाहण्यात तिथे तितकं चांगलं नाही. ब्राउझरमध्ये लिहीत असाल तर क्रोमचं एक्स्टेन्शन चालतं.

अजून एक. त्यांच्या वर्डच्या फाइल मंगल फॉण्टमध्ये असणार. लिनक्सवर मंगल नसतो, त्याच्या जागी दुसरा येतो आणि पानं मागेपुढे सरकतात. मजकूर कुठे जात नाही, घाबरू नका. नोटो किंवा मुक्ता टाकून द्या, मुक्ता तर मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा आहे, वाचायला मंगलपेक्षा कितीतरी बरा.

टर्मिनल_तात्या

टॅलीसाठी तीन रस्ते. एक, ड्युअल बूट, म्हणजे दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर, मशीन चालू करताना विचारेल कुठे जायचं. दोन, लिनक्सच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ठेवून त्यात टॅली. ८ जीबीत चालेल पण त्या वेळी ब्राउझरमध्ये पन्नास टॅब उघडू नका. तीन, वाइन, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअर थेट लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम. टॅली वाइनवर चालवल्याचे व्हिडिओ सापडतील, पण दुसऱ्याच्या दुकानांचे हिशोब आहेत, त्यावर प्रयोग करू नका. हे मी लिनक्सवाला असून सांगतोय.

माझं मत ड्युअल बूट. वहिनींसाठी विंडोज १० जसं आहे तसं, जादा अपडेटला नोंदवून. टॅलीचा डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर काढा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, मग पार्टिशनला हात लावा. एक सावधगिरीची गोष्ट, ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने बऱ्याच ड्युअल बूट मशीनवरचं लिनक्स सुरू होईना झालं होतं, सिक्युअर बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या तपासणीच्या, भानगडीत. नंतर दुरुस्त झालं. शक्य असेल तर एक छोटी वेगळी एसएसडी घेऊन लिनक्स तिच्यावर टाका, दोघांचं भांडण कमी होतं.

मिंट २२ घ्या, २०२९ पर्यंत अपडेट आहेत, टास्कबार मेनू खालीच असल्यामुळे घरच्यांना फार परकं वाटत नाही. आणि इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, डिस्कला काही होत नाही. त्यात वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे तो लाडका प्रिंटर तपासा. प्रिंटर कुठला आहे?

कोपरगावकर

मॉडेल उद्या बघून सांगतो, मागचं स्टिकर पुसट झालंय. छोटाच आहे, पांढरा, फक्त काळं छापतो, इकडे अर्ध्या झेरॉक्सवाल्यांकडे तोच दिसतो.

पत्रिकावाली_लातूर

😂 झालं मग. तोच असेल तर भाच्याने दोन दिवस झटापट केली होती त्याच्याशी.

टर्मिनल_तात्या

ताई घाबरवू नका हो त्यांना. कोपरगावकर, काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर असे असतात की पान बनवायचं सगळं काम कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरवर ढकलतात आणि कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुनाट असतो. त्यातला निघाला तर प्रिंट विंडोजमधून काढा, लिनक्समध्ये पीडीएफ करून ठेवा. मॉडेल टाका इथे, बघतो.